तिच्या कागदावर माझी सही

"तुझी मुलगी विष चाटते," प्रिन्सिपॉल साहेब म्हणाले.

मी दाराशी उभी होते. चपला बाहेर काढून आले होते, कुणी काढ म्हटलं नव्हतं तरी. खोलीत चार खुर्च्या होत्या, दोन रिकाम्या. बस कुणी म्हणालं नाही. साहेबांच्या शेजारी केमिस्ट्रीचे सर उभे होते, पांढरा कोट घालून. त्यांच्या हातात काचेची लहान बशी होती. बशीत पांढरी पूड. ती त्यांनी माझ्या नाकापुढं धरली.

"हे तोंडात घातलं हिनं," सर म्हणाले. "तीस मुलांसमोर. कुत्रं चाटतं तसं."

माझी पोरगी विशाखा कपाटाला टेकून उभी होती. दोन्ही हात कानांवर. नजर वर, पंख्याकडं. पंखा खडखड वाजत होता. तो आवाज तिला सहन होत नाही, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही.

"ही पहिल्यापासून अशीच आहे का?" साहेबांनी मला विचारलं.

"व्हय साहेब."

"घरात आणखी कोण आहे असं?"

"न्हाई साहेब."

"मग ही कुणावर गेली?"

कोपऱ्यातल्या टेबलावरचा क्लार्क हसला. साहेब मला तू म्हणत होते. विशाखाला 'ही' म्हणत होते. ती तिथंच उभी होती, चार हातांवर, आणि तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

"सरकार तुमच्या लोकांना सीट देतं, हॉस्टेल देतं, जेवायला घालतं," साहेब म्हणाले. "म्हणून काय कुणालाही पाठवायचं? उद्या ही इथं मेली तर कोण निस्तरणार?"

आणि मग मी ते बोलले. कुणी माझ्या तोंडून काढून घेतलं नाही. माझं मीच बोलले.

"तिला कळत न्हाई साहेब. लेकरू हाय. माफ करा."

एकोणीस वर्षांची पोरगी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

साहेबांनी एक कागद पुढं सरकवला. टाइप केलेला, कन्नडात. "सही कर इथं."

मला वाटलं माफीनामा आहे. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचते. कन्नड बोललेलं कळतं, लिहिलेलं कळत नाही. पण आमच्या गल्लीतल्या बायका अंगठा लावतात आणि मी सही करते. त्या खोलीत, तेवढं सगळं ऐकून झाल्यावरही, पेन हातात धरताना मला थोडा अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते. पण तसं झालं.

मी सही करत होते तेव्हा विशाखानं गळ्यातल्या गळ्यात आवाज काढला. हं-हं-हं असा, न थांबता.

"गप," मी म्हणाले. आणि सही पुरी केली.

आम्ही बीदर जिल्ह्यातल्या चिंताकीचे. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून बीदरला आलो. विशाखाचे वडील हमाली करत, पुढं बीदरजवळच कोळारला एका गोदामात लागले. मी बिदरीच्या कारखान्यात लागले. बिदरी म्हणजे जस्ताची भांडी, काळी, वर चांदीची नक्षी. भांडं साच्यातून निघतं तेव्हा काळं नसतं, राखाडी पांढरं असतं. ते काळं होतं किल्ल्यातल्या मातीनं. जिथं कित्येक वर्षं ऊन-पाऊस पोचला नाही अशा जागची माती लागते. ती नवसागरात मिसळून, पाण्यात तापवून भांड्यावर चोळतात. भांडं काळं पडतं, चांदी तशीच राहते. माझं काम माती चाळायचं आणि भांडी कानशीनं घासायचं.

कुठली माती चालेल, कुठली नाही, हे बघून कळत नाही. चाखावी लागते. आमचे कारखानदार, त्यांना सगळे उस्ताद म्हणत, चिमूटभर माती जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि सांगत. त्यांचे वडील तसंच करत. आमच्याकडं तो कामाचाच भाग होता. त्याला कुणी हसत नसे.

विशाखा तेव्हा सहा वर्षांची. नीट बोलत नव्हती. घरी एकटी ठेवता येत नव्हती म्हणून माझ्याजवळ बसायची. एकदा उस्तादांनी मातीचे दोन ढीग केले, एक कामाचा, एक टाकायचा. ही उठली, दोन्हीतली चिमूट चिमूट जिभेवर ठेवली आणि टाकायच्या ढिगातलं एक घमेलं ओढून कामाच्या ढिगाकडं नेलं. मी तिला मागं ओढायला उठले. उस्तादांनी मला हातानं थांबवलं. त्या घमेल्यातली माती पुन्हा चाखली.

"बराबर पकडी छोकरी," ते म्हणाले. "मेरीच जबान चुकी."

त्या दिवसापासून ती तिथं कामाची माणूस होती. माती, नवसागर, चुना, तुरटी, सोरा, सगळं तिला जिभेवर माहीत. नवसागर जिभेला थंड लागतो, हे तिनंच मला सांगितलं. मी इतकी वर्षं हाताळत होते, मला माहीत नव्हतं.

माणसांचं मात्र तिला जमत नव्हतं. कुणी विचारलं की ती तोंडाकडं बघायची नाही. उत्तर यायला वेळ लागायचा. कधी मिनिट, कधी दिवस. आवाज झाला की कानावर हात. कुणी अंगाला हात लावला की किंचाळायची. पण दिसेल ते वाचायची, भिंतीवरचं, डब्यावरचं, बसच्या तिकिटावरचं. मराठी, कन्नड, पुढं इंग्रजी. शाळेत तोंडी काही नाही, लेखी सगळं. तशीच मॅट्रिक झाली, तशीच कॉलेजात गेली, गुलबर्ग्याला. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी तिच्यासारख्या माणसांसाठी एक शब्द सांगितला, स्वमग्न. तेव्हा तो आम्हाला माहीत नव्हता. तेव्हा गल्लीत एकच शब्द होता, येडी.

आणि मी काय करत होते? मी तिच्या जागी बोलत होते. नाव कुणी विचारलं तर मी सांगायची. भूक लागली का, दुखतंय का, शाळा आवडते का, सगळ्याला मीच उत्तर. मी तशी बोलकी नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, अजूनही नाही. पण तिच्या जागी बोलायचं म्हटलं की निघायचा. लोक म्हणायचे, आई किती करते. मलाही ते आवडायचं. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा वेळ लोक माझ्याकडं बघत राहतात, ते मला सोसायचं नाही. मी घाईनं बोलून टाकायची. ती मग बोलायचीच नाही. कशाला बोलेल?

तर त्या दिवशी सही झाली. हॉस्टेलातून तिची पेटी उचलली. हॉस्टेलच्या पोरी व्हरांड्यात उभ्या होत्या. एक म्हणाली, "चाटणारी निघाली गं." दुसरी हसली. मला नंतर कळलं, त्या पोरी रोज तिला चमच्यात काहीबाही आणून देत, साबणाचा चुरा, खडूची भुकटी, आणि ओळख म्हणत. ती ओळखून सांगायची. तिला वाटायचं, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचंय.

हुमनाबादवरून बीदरला येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा बोलावलं. वळली नाही.

घरी तिचे वडील म्हणाले, "बरं झालं. दोन वर्सं शिकली, लई झालं. आता घरी ऱ्हाऊ दे."

"तिला इचारलंव का?" असं मी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. घरी राहील. डोळ्यांसमोर राहील.

आठ दिवस ती बोलली नाही. कारखान्यात आली नाही. जेवायची, भांडं धुवून ठेवायची, पुन्हा पेटीपाशी जाऊन बसायची. पेटी तिनं उघडली नव्हती. मी उघडायला गेले तर झाकणावर हात ठेवला.

नवव्या दिवशी, शनिवारी, मी कामाला निघाले तेव्हा तिनं एक कागद दिला. वहीतला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, मराठीत. तिचं अक्षर बारीक आणि सरळ आहे, छापल्यासारखं. मी उंबऱ्यावर बसून वाचलं.

आधी तिनं त्या दिवशी काय झालं ते लिहिलं होतं. प्रॅक्टिकलची चाचणी होती. प्रत्येकाला एकेक पूड दिली होती, ती कसली आहे ते ओळखायचं. तिनं वास घेतला, जिभेला लावली, नवसागर आहे हे कळलं. इंग्रजीतलं नाव लिहिलं आणि कागद दिला. पाच मिनिटांत. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, कसं ओळखलंस? ती बोलू शकली नाही. सरांना वाटलं कुणाचं बघून लिहिलं. मग एक मुलगा म्हणाला, सर, तिनं चाटलं. वर्ग हसला. सरांनी तिचा खांदा धरून गदागदा हलवलं. ती किंचाळली आणि टेबलाखाली जाऊन बसली. मला कॉलेजचं पत्र आलं ते त्याच्यानंतर.

मग लिहिलं होतं, "तू सही केलीस त्या कागदात काय होतं ते तू वाचलं नाहीस. मी वाचलं. मला उलटं दिसत होतं तरी वाचलं. त्यात लिहिलंय, माझी मुलगी मंदबुद्धी असल्यामुळे मी तिला स्वखुशीने कॉलेजातून कायमची काढून घेत आहे. हे मी वाचून आणि समजून लिहून देत आहे."

कागदाच्या मागच्या बाजूला तीनच ओळी होत्या. त्या मला अजून पाठ आहेत.

"तू म्हणालीस तिला कळत नाही. मला कळतं. तुला कन्नड वाचता येत नाही, तरी तुला कळत नाही असं मी कधी कुणाला सांगितलं नाही."

मी उंबऱ्यावर तशीच बसून राहिले. कामाची वेळ गेली. शेजारीण विचारून गेली, "काय गं, बरं न्हाई का?" मी कागदाची घडी घातली.

आत गेले. ती पेटीजवळ होती. जन्मात पहिल्यांदा मी तिला विचारलं आणि उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं.

"माय, तुला परत जायचंय का?"

ती भिंतीकडं बघत होती. मी बसले खाली. चुलीवरचं पाणी उकळून आटलं असेल. मग ती म्हणाली,

"सोमवारी हॉल तिकीट देतात."

तेवढंच.

दुपारी कारखान्यात गेले, सोमवारची सुटी मागायला. उस्तादांना सगळं सांगितलं. ते पानदान उघडून बसले होते.

"मैं पचास बरस से मट्टी चाट रऊँ," ते म्हणाले. "मेरेकू कौन निकाल्या?" मग पानाला चुना लावत हळू आवाजात म्हणाले, "पन बेटी कू बोल. उनो की शीशी में जहर भी रहता. अपनी मट्टी नै वो. वां जबान नक्को लगाना."

मी तिला तसं सांगितलं. तिनं मान हलवली.

तिचे वडील रविवारी रात्री म्हणाले, "परत कामून जायलीस? अजून बोलून घ्यायचंय का साहेबाचं?"

"सही परत आणायला जायलेव," मी म्हणाले.

"सही कुठं परत येती व्हय?"

मला माहीत नव्हतं येते का. सोमवारी पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. पेटी घेऊन.

कॉलेजात खिडकीवर हॉल तिकिटं देत होते. बाहेर यादी लावली होती. विशाखाच्या नावावर तांबड्या शाईची आडवी रेघ होती. ती त्या रेघेसमोर उभी राहिली आणि हलेना. पोरं मागून ढकलायला लागली. तिनं कानावर हात ठेवले, पण जागा सोडली नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "हिचं नाव कटलंय. साहेबांना भेटा." आम्ही साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. अकरा वाजता बसलो. दोनदा शिपाई म्हणाला, उद्या या. खिडकी पाचला बंद होणार होती. उद्या तिकीट मिळणार नव्हतं. साडेतीनला आत बोलावलं.

तेच तिघं. साहेब, सर, क्लार्क. तोच पंखा.

"परत कशाला आलीस?"

माझा आवाज निघेना. बसमध्ये सगळं घोकून आले होते, ते गेलं.

"सही," मी म्हणाले. "माझी सही परत पायजे."

"काय?"

"त्या दिवशी मी सही केली. ती चुकीची हाय. परत द्या."

सर हसले. "सही म्हणजे काय शेजारणीला दिलेली वाटीभर साखर आहे का, परत मागायला?"

"वाचून, समजून सही केली असं खाली लिहिलंय," साहेब म्हणाले.

"मला कन्नड वाचता येत न्हाई."

"मग केलीस कशाला?"

"भ्याले व्हते."

साहेबांनी क्लार्ककडून फाइल मागवली, कागद काढला आणि माझ्याकडं फेकल्यासारखा टाकला.

"घे. बघ काय बघायचं ते."

"मला नगं. तिला द्या," मी म्हणाले. "माझ्या बाजूनं ह्यो कागद वाचणारी ती एकटीच हाय हितं."

"ती वाचणार?" सर म्हणाले. "तिच्या तोंडून नाव निघत नाही."

विशाखानं कागद उचलला. आणि वाचला. वाचायचं असलं की तिला अडत नाही, ते सरांना दोन वर्षांत कळलं नव्हतं. आधी कन्नडात. वरचं कॉलेजचं नाव, जावक नंबर, तारीख, गोल शिक्क्यातली अक्षरं, सगळं. मग मराठीत, माझ्यासाठी. एका सुरात, ना मोठ्यानं ना हळू. मंदबुद्धी हा शब्दही त्याच सुरात. शेवटी माझं नाव होतं, तेही वाचलं. आणि कागद टेबलावर ठेवला.

क्लार्कनं लिहिणं थांबवलं होतं.

मी सरांकडं बघितलं. मोठ्या माणसाच्या तोंडाकडं बघून मी तेव्हा पहिल्यांदा बोलले. "तिचं उत्तर चुकलं व्हतं का, सर? त्या पुडीचं?"

"उत्तराचा प्रश्न नाही," सर म्हणाले. "पद्धतीचा आहे. उद्या बशीत शिशाचं मीठ असेल, पाऱ्याचं असेल. जिभेला लावलं की खेळ खलास. मग तू येशील माझ्या नावानं रडत."

हे त्यांचं खरं होतं. उस्तादही तेच म्हणाले होते. मी मान खाली घातली असती. पण विशाखा बोलली, पंख्याकडं बघत.

"लॅबमध्ये फळ्यावर सात नियम आहेत. चाखू नये असा त्यात नाही. आता कळलंय. आता चाखणार नाही."

सरांनी साहेबांकडं बघितलं.

साहेब माझ्याकडं वळले. "बरं. मग काय, हिला राहायचंय का इथं?"

मला विचारलं. तिला नाही. आणि माझं तोंड उघडलं. व्हय साहेब, हे शब्द जिभेवर आले होते. एकोणीस वर्षांची सवय. ती शेजारी उभी होती आणि मी तिच्या जागी बोलणारच होते, तेही ह्या दिवशी.

मी दात आवळले.

"तिला इचारा."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "राहायचंय का तुला?"

ती बोलली नाही.

पंखा खडखडत होता. बाहेर पोरं ओरडत होती. तिची बोटं पदराच्या काठावर चालली होती, पुढं-मागं, पुढं-मागं. लोक बघतात ते मला सोसत नाही, हे वर लिहिलंय. तिघंही बघत होते, तिच्याकडं नाही, माझ्याकडं. बोल की बाई, असं.

"बघितलं?" सर म्हणाले. "हे असं. वर्गात हेच. परीक्षेत हेच होणार."

साहेबांनी कागद फाइलीत घालायला उचलला. मी पुढं झाले आणि त्यावर हात ठेवला. साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कागदावर माझा हात. मी काढला नाही.

"थांबा साहेब."

"किती थांबायचं?"

"तिचं हुईपर्यंत."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. भिंतीवर घड्याळ होतं, पण मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलले असते.

मग विशाखा क्लार्कच्या टेबलाकडं गेली. त्याच्या पुढ्यातला पेन उचलला. विचारलं नाही. परत आली, माझ्या हाताखालचा कागद ओढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. उभ्यानं, वाकून. लिहून झाल्यावर कागद साहेबांसमोर ठेवला. माझ्यासमोर नाही.

साहेबांनी मनात वाचला.

"मोठ्यानं वाचा," मी म्हणाले. "मला वाचता येत न्हाई."

त्यांनी सरांकडं बघितलं. मग वाचला. कन्नड ऐकलेलं मला कळतं. तिनं लिहिलं होतं,

"मी कॉलेज सोडणार नाही. परीक्षा देणार आहे. तोंडी प्रश्न मला लिहून द्यावेत, मी लिहून उत्तर देईन. माझ्या अंगाला कुणी हात लावू नये. माझ्याबद्दल काही ठरवायचं असेल तर मला विचारावं. माझ्या आईला बोलावू नये."

शेवटचं वाक्य वाचताना साहेब थोडे थांबले. क्लार्कनं माझ्याकडं बघितलं. खाली तिची सही होती, पूर्ण नावानं.

मी पेन मागितला. कागद उलटला आणि माझ्या सहीवर रेघ मारली. एक मारली, ती पुसट आली. पुन्हा मारली. सही दिसेनाशी होईपर्यंत मारत राहिले. कागद फाटला थोडा.

"हे असं चालत नाही," साहेब म्हणाले. पण आवाज आधीचा नव्हता. फाइलीतल्या कागदाची दुसरी बाजू आता लिहिलेली होती. ती चौघांनी ऐकली होती, आणि उद्या वर कुणी फाइल मागवली तर तिथंही वाचली जाणार होती. त्यांनी काय विचार केला ते त्यांनाच माहीत. चांगुलपणा त्यात होता असं मला वाटत नाही. क्लार्कला म्हणाले, "तिकीट द्यायला सांग."

खिडकीवर तिनं तिकीट घेतलं. नाव, नंबर दोनदा तपासलं. मग पेटी उचलली आणि हॉस्टेलच्या रस्त्याला लागली. येते म्हणाली नाही. मागं बघितलं नाही.

मी एकटी गाडीत बसले. खरं लिहायचं तर मला राग आला होता. आईला बोलावू नये. हिच्यासाठी मी साहेबाच्या टेबलावर हात ठेवला आणि हिनं मलाच दाराबाहेर काढलं, त्यांच्यासमोर. हुमनाबादपर्यंत राग होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, बाजूची बाई सरकून बसली. हुमनाबादला गाडी थांबली तेव्हा मी मनात ते कागदावरचं पुन्हा म्हणून बघितलं. सरांनी खांदा धरला, पोरींनी चमचा धरला, आणि मी? मी तिचं तोंड धरलं होतं. एकोणीस वर्षं. तिनं सगळ्यांचे हात एकाच कागदानं काढले. त्यात माझाही होता. माझा तेवढा कशाला ठेवायचा?

घरी तिच्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आईला बोलावू नगा म्हणली? एवढं केलंस तिच्यासाठी."

"मी सही केली व्हती," मी म्हणाले. "ते बी मीच केलं व्हतं."

परीक्षा तिनं दिली. तोंडी परीक्षेचे प्रश्न सरांनी लिहून दिले, मुद्दाम गिचमिड अक्षरात. तिनं ते वाचले. प्रॅक्टिकलला सरांनी काठावरचे मार्क घातले. ती पास झाली. पुढच्या वर्षीही त्याच सरांच्या हाताखाली होती, तसाच त्रास होता. सर बदलले नाहीत. मला पत्र मात्र पुन्हा आलं नाही.

तिचं पुढचं मी लिहीत नाही. ते तिचं आहे. लिहावंसं वाटलं तर ती लिहील. मी फक्त माझ्या सहीचं लिहितेय, तेवढंच माझं आहे.

त्यानंतर पुष्कळांनी मला विचारलं. पाहुण्यांनी विचारलं, हिचं लग्न करणार का. शेजारणींनी विचारलं, हिला गाणगापूरला नेणार का, तिथं असलं बरं होतं म्हणतात. आम्ही धम्म घेतलेली माणसं, तरी विचारलं. नोकरीच्या ऑफिसातल्या माणसानं तिच्या देखत मला विचारलं, हिला जमेल का. तिचे वडील अजून विचारतात, तिला काय पायजे, तुला ठाव असंल.

मला ठाव नाही. ठाव असलं तरी सांगणार नाही. तिच्या कुठल्याही कागदावर माझी सही होणार नाही, बऱ्यासाठी नाही, वाइटासाठी नाही, भीतीनं नाही, मायेनं नाही. विचारायचं असेल तर तिला विचारा. ती गप्प राहिली तर थांबा. तुम्हाला थांबायला वेळ नसेल तर तुमचा प्रश्न उचला आणि वाटेला लागा. मी मध्ये उभी राहणार नाही.